न विचारलेलं मत

घरात तिला खारू म्हणत. लहानपणी खोडरबर, बटणं, बाबांच्या दुकानातले बारके स्क्रू, जे हाताला लागेल ते ती उशीच्या अभ्र्यात दडवून ठेवायची, म्हणून खारू. आता ती सतरा वर्षांची होती, बारावीत होती आणि काही दडवत नव्हती. उलट आपल्याकडे जे आहे ते चारचौघांना दाखवायला तिला फार आवडायचं. आणि तिच्याकडे होतं ते इंग्रजी.

बाकीच्या विषयांत कधी ही पुढे, कधी दुसरं कुणी, पण इंग्रजीत तिला कुणी गाठलं नव्हतं. बाबा शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. नव्या मशिनीबरोबर माहितीचं पुस्तक आलं की खारूला दुकानात बोलावणं जायचं आणि बाबा गिऱ्हाइकासमोर मुद्दाम विचारायचे, काय लिहिलंय गं यात. ती भराभर वाचून सांगायची. गिऱ्हाईक मान डोलवायचं. तेवढ्यावर तिचा आठवडा मजेत जायचा.

आई हॉस्पिटलच्या कापडखोलीत कामाला होती. वॉर्डांतून मळलेल्या चादरी यायच्या, त्या धुवायला पाठवायच्या, धुऊन आलेल्या उजेडात धरून तपासायच्या, फाटलेल्या बाजूला काढायच्या, उरलेल्यांच्या घड्या घालून वॉर्डांत पोचवायच्या. सोळा वर्षं ती हेच करत होती. खोलीची प्रमुख वर्षभरात निवृत्त होणार होती आणि तिच्या जागी आईचंच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. प्रमुख व्हायचं तर बारावी पास असावं लागे, आणि आईची शाळा दहावीलाच सुटली होती. म्हणून तिने आधीपासूनच बाहेरून परीक्षा द्यायला घेतली होती. कामावरून येऊन, स्वयंपाक उरकून, एकेक विषय करत तीन वर्षांत तिने बाकीचे सगळे सोडवले. राहिलं इंग्रजी. म्हणजे त्या वर्षी मायलेकींचा पेपर एकच होता आणि दिवसही एकच.

"मला शिकवशील?" असं आईने विचारलं तेव्हा खारूला मनापासून आनंद झाला होता, हे आधीच सांगून ठेवायला हवं. तिने स्वतःहून तांबड्या शाईचं पेन आणलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आई समोर वही ठेवून बसायची, ओठ हलवत शब्द जुळवायची, आणि खारू चुका काढायची. चुका भरपूर निघायच्या. आई म्हणायची, काय हो मास्तरीणबाई, आज काही शिल्लक ठेवलंत की नाही? खारू हसायची. खरं सांगायचं तर तिच्या त्या वर्षातले सगळ्यांत सुखाचे दिवस ते होते.

आईला बाईंच्या वर्गात घेऊन जायची कल्पनाही तिचीच. इंग्रजीच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या आणि परीक्षेआधीचे आठ रविवार एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर उजळणीचा वर्ग घ्यायच्या. लांब बाकं, एक फळा, खालून येणारा शाईचा वास. पहिला तास निबंधाचा. दुसरा तास उताऱ्याच्या विश्लेषणाचा. कुणाचं तरी भाषण किंवा पत्र समोर ठेवायचं आणि बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला आपल्या बाजूला कसा ओढतो, त्यासाठी भाषेच्या कोणत्या युक्त्या वापरतो, ते उलगडून लिहायचं. खारूने अशा बावीस युक्त्यांची यादी पाठ केली होती. एकच शब्द पुन्हा पुन्हा आणणं, ज्याला उत्तर नको असा प्रश्न विचारणं, तीन-तीनच्या जोड्या लावणं, भीती घालणं, स्वतःचा मोठेपणा हळूच सांगणं. उतारा हातात पडला की ती पेन्सिलीने खुणा करत सुटायची. धान्यातले खडे वेचावेत तशा तिला त्या युक्त्या सापडायच्या.

दर रविवारी बाई सगळ्यांत चांगलं उत्तर वाचून दाखवत. पहिल्या रविवारी खारूचं वाचलं, दुसऱ्या रविवारी खारूचंच. आई शेवटच्या बाकावर शब्दकोश घेऊन बसलेली असायची. बाई वाचत असताना ती पोरासोरांकडे अशी बघायची की जणू ते लिखाण तिनेच घरी शिजवून आणलं होतं.

तिसऱ्या रविवारी बाईंनी एका कारखान्याच्या मॅनेजरचं भाषण दिलं. कारखान्याची एक पाळी बंद होणार होती आणि मॅनेजर कामगारांना ते सांगत होता. खारूने दीड पान लिहिलं. अकरा युक्त्या सापडल्या होत्या, प्रत्येकीचं नाव लिहून खाली रेघ ओढली होती. बाईंनी ते चाळलं आणि म्हणाल्या, हाडं सगळी बरोबर मोजलीस, पण तो माणूस करत काय होता? मग त्यांनी गठ्ठ्यातून दुसरा कागद काढला आणि नाव न सांगता वाचायला सुरुवात केली.

लिहिलं होतं साध्या, आखूड वाक्यांत. हा मॅनेजर सुरुवातीला प्रत्येक वाक्यात 'वी' म्हणतो. आपण उभारलं, आपण सोसलं, आपण एक कुटुंब आहोत. नवव्या ओळीत कामावरून कमी करायची गोष्ट निघते आणि तिथून तो 'यू' म्हणायला लागतो. माणसं कुटुंबातून कधी बाहेर काढली गेली हे त्यांना कळतसुद्धा नाही. शेवटच्या ओळीत तो परत 'वी' म्हणतो, पण तोवर ते 'वी' फक्त उरलेल्यांचं झालेलं असतं.

खारूने घाईघाईने आपल्या प्रतीवरचा उतारा पाहिला. नववी ओळ. खरंच तिथे 'यू' होतं. तिने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघसुद्धा ओढली होती, एका उपमेसाठी. कोणाचं असेल हे, म्हणून तिने मागे वळून पाहिलं. आई बाकाकडे बघत बसली होती आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बाई म्हणाल्या, "स्पेलिंगच्या चौदा चुका आहेत. त्या मी महिन्याभरात काढून टाकीन. पण असं बघता येणं मला कुणाला शिकवता येत नाही. ते ह्यांचं ह्यांनी आणलंय."

बस थांब्याकडे चालताना आई बोलत होती. हॉस्पिटलमध्ये धुण्याचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं तेव्हा अशीच मीटिंग झाली होती, साहेब अगदी असंच बोलले होते, मी तेव्हा मागे उभी राहून ऐकत होते, काहीतरी खुपत होतं पण काय ते आज कळलं. खारू हं हं करत होती. मग ती म्हणाली, "मॅनेजरचं स्पेलिंग तू तीनदा चुकलीस. तिन्ही वेळा वेगवेगळं."

आई हसली. त्या हसण्याचासुद्धा खारूला राग आला.

तो दिवस आणि पुढचे पंधरा दिवस, खारूला जे काही होत होतं त्याला तिने आधी नावच दिलं नाही. डोकं दुखतंय म्हणाली, झोप झाली नाही म्हणाली. पण बाबांनी आईकडून ते उत्तर दोनदा वाचून घेतलं, अर्थ विचारून घेतला आणि मांडीवर थाप मारली, तेव्हा ती अर्ध्या जेवणावरून उठली. दुसऱ्या दिवशी ती दुकानात डबा द्यायला गेली तर बाबा एका गिऱ्हाइकाला सांगत होते, आमच्या हिने त्या मॅनेजरला बरोबर पकडलं बघा. काउंटरवर नव्या मशिनीचं पुस्तक पडलं होतं. बाबांनी तिला ते वाचायला सांगितलं नाही. विसरले असतील. ती डबा ठेवून निघून आली.

चौथ्या रविवारी निबंधाचा विषय होता, हाताने केलेलं काम. खारूने कुंभारावर लिहिलं. तिने जन्मात कुंभार पाहिला नव्हता, पण 'सृजन' आणि 'अविरत' अशा वजनाचे सात इंग्रजी शब्द तिने त्यात बसवले होते. आईने चादरीवर लिहिलं. चादरीची घडी दोघींनी घालायची असते, समोरची बाई नवी असली की ती आपल्याकडे ओढते, जुनी असली की सैल सोडते, आणि सैल सोडायला शिकायला मला दोन वर्षं लागली. बाईंनी निबंध वाचला आणि चष्मा काढून पुसला. वर्गातल्या मुली आता आईला काकू म्हणून हाका मारू लागल्या होत्या. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती घोळका असायचा.

आता खारूला आईचं सगळंच खटकू लागलं. लिहिताना ओठ हलवणं खटकायचं, बोटाला थुंकी लावून शब्दकोशाचं पान उलटणं खटकायचं. बाई आईच्या बाकापाशी किती वेळ थांबतात ते ती पाठमोरी बसून घड्याळावर मोजायची. मैत्रिणीचा हेवा वाटला असता तर दुसऱ्या मैत्रिणीला सांगता आला असता. बहिणीचा वाटला असता तर आईला सांगता आला असता. आईचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगायचं? आणि कुठल्या तोंडाने? तिने सोळा वर्षं चादरी झटकल्या, तेव्हा माझ्या पुस्तकांना पैसे आले, हे खारूला कळत होतं. कळत होतं म्हणून तर आग कमी होत नव्हती, उलट वाढतच होती. घरी तांबड्या पेनाचा जोर वाढला. जिथे नुसती खूण पुरली असती तिथे ती शब्द खोडून वर मोठ्या अक्षरात लिहायची. आई खोडलेलं परत लिहून काढायची.

पाचव्या रविवारी आईला वर्गाला येता आलं नाही. कापडखोलीतली एक बाई आजारी पडली आणि तिच्या जागी आईला कामावर जावं लागलं. नेमका त्याच दिवशी बाईंनी सगळ्यांत महत्त्वाचा धडा घेतला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मत देऊ नका. बोलणारा खरा की खोटा, चांगला की वाईट, हे प्रश्नात विचारलेलं नसतं. तो कसं बोलतो आणि त्याचा ऐकणाऱ्यावर काय परिणाम होतो, एवढंच लिहायचं. स्वतःचं मत घुसडलं की तपासणारा हात आखडता घेतो, आणि दरवर्षी हुशार मुलं इथेच आपटतात. वर्ग सुटताना बाईंनी खारूला थांबवून बजावलं, हे आईला आठवणीने सांग. त्यांना त्या भाषणबाज लोकांचा राग येतो, त्या नक्की इथे घसरतील.

संध्याकाळी आई दमून आली. पाय पाण्याने धुतले, चहा घेतला आणि वही उघडून बसली. आज काय झालं वर्गात, म्हणून विचारलं. खारूने निबंधाबद्दल सांगितलं, शेवट कसा करावा, परिच्छेद कसे पाडावेत. ते सगळं तिने नीट आणि खरं सांगितलं.

"आणि विश्लेषणात? मला एक अडचण येते बघ," आई म्हणाली. "तो माणूस थापा मारतोय हे मला दिसत असतं. मग लिहावंसं वाटतं की हा खोटारडा आहे. तसं लिहिलेलं चालतं का? आपलं मत?"

खारू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. उत्तर जिभेवर तयार होतं. चालत नाही, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते.

"चालतं की," ती म्हणाली. "मत द्यायचंच असतं. जितकं ठासून देशील तितकं चांगलं."

आईने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. खाली दोन रेघा ओढल्या.

खारूला वाटलं होतं की उद्या सांगू, चुकून बोलले म्हणू. सोमवारी सांगायचं राहिलं, मंगळवारी आईला यायला उशीर झाला, बुधवारी तर सांगण्यासारखं काही उरलंच नाही असं वाटू लागलं, इतकं ते वाक्य वहीत ऐटीत बसलं होतं. सहाव्या रविवारी सराव परीक्षा झाली. उतारा होता एका दूध कंपनीच्या मालकाचं माफीपत्र. नासक्या दुधाने माणसं आजारी पडली होती आणि मालक त्यांची माफी मागत होता. मागच्या बाकावरून आईच्या पेनाचा आवाज येत होता, भराभर, न थांबता. खारूने एकदाही मागे पाहिलं नाही.

सातव्या रविवारी बाईंनी पेपर वाटले. खारूला विश्लेषणात वीसपैकी सतरा होते, वर्गात सगळ्यांत जास्त. त्या दिवशी तिचं उत्तर वाचून दाखवलं. किती दिवसांनी! ती सरळ बसून ऐकत होती आणि तिला आपलीच वाक्यं एखाद्या जाहिरातीसारखी वाटत होती. आईला वीसपैकी चार होते. पहिल्याच ओळीत आईने लिहिलं होतं की हा माणूस लबाड आहे, आणि पुढे पानभर तो लबाड का आहे ते. कडेला बाईंचा शेरा होता: तुमचं मत विचारलेलं नाही.

बाईंना आश्चर्य वाटलं होतं. त्या मागच्या बाकापर्यंत चालत गेल्या. "असं कसं केलंत? त्या रविवारी तुम्ही नव्हता म्हणून मी मुद्दाम तुमच्या मुलीला सांगितलं होतं, मत द्यायचं नाही म्हणून. तिने सांगितलं नाही तुम्हाला?"

खारू पुढेच बघत राहिली. सगळ्या वर्गाने मागे पाहिलं. आईने आधी पेपराकडे पाहिलं, मग खारूच्या पाठीकडे.

"सांगितलं होतं तिने," आई म्हणाली. "अगदी नीट सांगितलं होतं. माझ्याच डोक्यातून गेलं."

वर्ग सुटल्यावर आई पेपर पिशवीत घालून थांब्याकडे चालू लागली. तिची दुपारची पाळी होती. खारूला घरी जाणाऱ्या बसमध्ये बसवून ती उलट्या दिशेच्या थांब्याकडे गेली. खारू दोन थांबे गेली, उतरली आणि हॉस्पिटलची बस पकडली.

कापडखोली तळघरात होती. आई रोज तिथे जायची, पण खारू आयुष्यात तिथे कधी गेली नव्हती. लांबलचक खोली, छताजवळून जाणारे गरम पाइप, साबणाचा आणि इस्त्रीचा वास, भिंतीला लागून छातीएवढे चादरींचे थर. आई एका उंच टेबलापाशी उभी होती. एक चादर दिव्याकडे धरून ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत डोळे फिरवत होती. रविवार असल्याने दुसरं कुणी नव्हतं.

खारूला पाहून तिने भुवया उंचावल्या, पण हातातलं काम थांबवलं नाही. खारू बसमध्ये बरीच वाक्यं जुळवून आली होती. त्यातलं एकही आठवेना. काहीतरी करायचं म्हणून तिने टेबलावरच्या चादरीचं टोक उचललं.

"हात धुतलेस का?" आई म्हणाली. "नाही ना? मग हात लावू नकोस."

खारूने हात मागे घेतले. "मी मुद्दाम चुकीचं सांगितलं," ती म्हणाली.

"ते मला बाई बोलल्या तेव्हाच कळलं."

"मग तू त्यांना खोटं का सांगितलंस?"

"चारचौघांत तुझं नाक कापलं गेलं असतं. मग तू परत वर्गाला गेली नसतीस आणि पेपरलाही बसली नसतीस. तुला मी आज ओळखते का?" आईने ती चादर फाटलेल्यांच्या ढिगावर टाकली आणि दुसरी उचलली. "का केलंस तेवढं सांग."

खारूला रडू येत होतं, पण आई तिच्याकडे अशी बघत होती की रडायचीही सोय नव्हती. ती म्हणाली, बाई तुझंच वाचून दाखवतात. बाबा तुझंच सांगत सुटतात. माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती.

आईने चादर खाली ठेवली. पाइपात कुठेतरी पाणी खळखळत होतं. खारूला वाटलं, आता ती जवळ घेईल, असू दे गं म्हणेल. लहानपणी कितीही मोठा गुन्हा झाला तरी शेवट असाच व्हायचा.

"मला बरं वाटत होतं," आई म्हणाली. "तुझ्यापेक्षा माझं चांगलं झालं म्हणून बरं वाटत होतं. दुसऱ्या कुणापेक्षा नाही, तुझ्यापेक्षा. तू ते तांबडं पेन घेऊन बसायचीस ना माझ्या डोक्यावर, तेव्हा मी मनातल्या मनात म्हणायचे, येऊ दे रविवार. आता हे मी लपवत नाही. पण मी तुझा पेपर बिघडवला नसता, खारू."

तिने चादर परत उचलली.

"मला राग आलाय आणि तो काही आज जायचा नाही. बाबांना सांगू नकोस, त्यांचा उगाच हिरमोड होईल. आजपासून माझी वही माझी मी बघीन. जा आता, मला पाच वॉर्ड पोचवायचेत."

आईने बोलल्याप्रमाणे केलं. पेपरपर्यंत रोज ती स्वयंपाकघरात वही उघडायची आणि खारू आत आली की मिटायची. रागाने आपटून वगैरे नाही, हळूच, एखादं भांडं झाकावं तशी. जेवणाखाण्याचं बोलणं चालू होतं. बाबांना काही कळलं नाही. ते म्हणायचे, काय शांतता आहे, दोन दोन विद्वान घरात असल्यावर असंच व्हायचं. खारूला आता नव्याच गोष्टीचा हेवा वाटू लागला. त्या वहीत काय चाललंय हे तिला माहीत नव्हतं, आणि आईच्या बरोबरची एक नर्स, जी जेवणाच्या सुट्टीत तिचं लिखाण तपासून द्यायची, तिला ते सगळं माहीत होतं. तांबडं पेन टेबलाच्या खणात पडून होतं. एकदा आईने विचारलं असतं तर खारूने सगळे शब्द साध्या पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात दुरुस्त केले असते. पण आईने विचारलं नाही.

पाचव्या रविवारच्या धड्याच्या आपल्या नोंदी खारूने चार कागदांवर सुवाच्य उतरवल्या. बाईंनी दिलेली उदाहरणं, काय लिहावं, काय टाळावं, सगळं जसंच्या तसं. ते कागद तिने आईच्या डब्याच्या पिशवीत ठेवले. संध्याकाळी पिशवी रिकामी आली.

पेपरच्या दिवशी दोघींचं केंद्र एकच निघालं, खोल्या वेगळ्या. सकाळी आईने दोघींसाठी एक डबा भरला, दोन पेनं घेतली, एक खारूला दिलं. फाटकाशी गर्दी होती. मुलं एकमेकांना यादीतल्या युक्त्या विचारत होती आणि त्यांच्यात आई कुणाची तरी पोचवायला आलेली पालक दिसत होती. पहारेकऱ्याने तिला अडवलंही. तिने पर्समधून प्रवेशपत्र काढून त्याच्या नाकासमोर धरलं आणि आत गेली.

तीन तासांनी खारू बाहेर आली तेव्हा आई झाडाखालच्या कट्ट्यावर बसून डबा उघडत होती. खारू शेजारी बसली. आईने अर्धा डबा तिच्यापुढे सरकवला. दोघी थोडा वेळ नुसत्या खात राहिल्या. उतारा एका महापौराच्या भाषणाचा होता, शहरात पाणी कमी आहे, सगळ्यांनी जपून वापरा, असा. खारूचा तो प्रश्न चांगला गेला होता. चौदा युक्त्या, आणि ह्या वेळी प्रत्येकीपुढे तिने परिणामही लिहिला होता. बराच वेळ थांबून शेवटी तिला राहवलं नाही.

"तू काय लिहिलंस त्यात?"

आईने पाण्याची बाटली तोंडाला लावली, मग पुसून खाली ठेवली. "लोकांनी काय करायचं त्याची त्याने यादी दिलीय. आंघोळ अशी करा, भांडी अशी घासा. तो स्वतः काय करणार ते कुठे नाही. अख्ख्या भाषणात एकदाही 'आय' नाही. त्यामुळे पाण्याची टंचाई ही लोकांचीच चूक असल्यासारखी वाटायला लागते. तेवढंच लिहिलं. मत दिलं नाही."

खारूने ते भाषण मनातल्या मनात परत वाचून पाहिलं. एकदाही 'आय' नव्हतं. तीन तास ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. तोच जुना हेवा परत वर आला, अगदी पहिल्या दिवशी आला होता तसाच, जराही कमी नाही. तिला वाटलं होतं, एवढं सगळं झाल्यावर तो आता कायमचा गेला असेल.

"माझ्या लक्षात आलं नाही ते," ती म्हणाली. मग जिभेला थोडा जोर लावून म्हणाली, "तुझं माझ्यापेक्षा चांगलं आहे."

आईने तिच्याकडे पाहिलं. बघत राहिली. मग डब्याचं झाकण लावत विचारलं, "'प्रिव्हिलेज'मध्ये डी असतो का गं?"

"नसतो."

"मी घातला."

"दोन ठिकाणी?"

"तीन," आई म्हणाली, आणि बस आली म्हणून उठली.

निकाल लागला तेव्हा खारूला इंग्रजीत एक्क्याऐंशी होते आणि आईला अठ्ठावन्न. बाबांनी दोन्ही गुणपत्रिका दुकानात काचेखाली शेजारी शेजारी लावल्या आणि आठवडाभर गिऱ्हाइकांना मशिनीआधी त्या दाखवल्या. पावसाळा संपेपर्यंत आई कापडखोलीची प्रमुख झाली. पुढे तिला दर महिन्याला वरच्या साहेबांना इंग्रजीत एका पानाचा अहवाल द्यावा लागे. पहिल्या महिन्यात तिने तो नर्सकडून तपासून घेतला. दुसऱ्या महिन्यात कागद खारूच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, फक्त स्पेलिंग बघ, बाकी काही नको. खारूने फक्त स्पेलिंग पाहिलं.

आईच्या अठ्ठावन्नात त्या महापौराच्या प्रश्नाचे किती गुण होते, ते गुणपत्रिकेवर नव्हतं. खारूने ते शोधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. बाईंना पेढ्यांऐवजी फुलं घेऊन भेटायला गेली तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, प्रत्येक प्रश्नाचे वेगळे गुण कळायची काही सोय असते का. बाई म्हणाल्या, नसते. बरं झालं, असं तिला वाटलं. जिना उतरताना मात्र ती मनात हिशेब करतच होती, स्पेलिंगचे इतके गेले असतील, निबंधाचे इतके मिळाले असतील, म्हणजे त्या प्रश्नाला बहुतेक अठरा. आपल्याला सोळा पडले असतील, फार तर सतरा.